प्रस्तावना : चक्का, बिस्किटं आणि आदली रात्र

नवी मुंबईत ज्या घरांत माझी ऊठबस आहे, त्या घरांत हल्ली आनंदाची बातमी आली की एक पदार्थ फ्रीजमध्ये जातो. दहावीचा निकाल असो, मुलीला लागलेली पहिली नोकरी असो, नाहीतर आजोबांची पंचाहत्तरी. तळाला बिस्किटांच्या चुऱ्याचा घट्ट थर, त्यावर दोन बोटं जाडीचा पांढराशुभ्र, आंबटगोड थर आणि सगळ्यांत वर ऋतूप्रमाणे आंबा, स्ट्रॉबेरी किंवा जांभूळ. ओव्हन लागत नाही, अंडं लागत नाही. रात्री करून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी माणसं जमली की कापायचा. या न भाजता होणाऱ्या चीजकेकच्या पाककृती पुढच्या पानांत आहेत. त्या करायला घेण्याआधी हा पदार्थ आपल्याकडे इतका पटकन कसा रुळला आणि तो करताना नेमकं काय घडतं, हे वाचकांनी समजून घ्यावं अशी माझी इच्छा आहे. कारण कळलं की हात आपोआप नीट चालतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं. चीजकेक आपल्याकडे नवा असला, तरी त्याला लागणारी बहुतेक कसबं मराठी स्वयंपाकघरात फार जुनी आहेत. दही बांधणं, चक्का चाळणं, आंबटाचा गोडाशी मेळ घालणं, पंगतीच्या आदल्या दिवशीच गोडाची तयारी उरकून ठेवणं, हे ज्यांनी घरात पाहिलं आहे त्यांना हा पदार्थ परका वाटायचं काही कारण नाही. दोन-तीन गोष्टी तेवढ्या नव्याने शिकाव्या लागतात.

केक भाजणं मात्र आपल्याला खरंच परकं होतं. भट्टी घरात नव्हतीच. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीच्या सुमारास मैदा, पिठीसाखर आणि डालड्याचा डबा घेऊन बेकरीत जायचं, तिथे पीठ मळून घ्यायचं, नानकटाईचे ट्रे भट्टीत जाताना बघत बाकावर बसायचं आणि पत्र्याचा डबा भरून घरी परतायचं, ही आठवण पन्नाशीच्या पुढच्या कितीतरी मराठी माणसांची आहे. नंतर काही घरांत ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आला, झाकणाला काचेची खिडकी असलेला. ज्यांच्याकडे तोही नव्हता त्यांनी कुकरमध्ये वाळू तापवून त्यात केकचं भांडं ठेवलं. त्या केकला चव होती, पण दर वेळी धाकधूकही असायची. झाकण लवकर उघडलं तर केक बसायचा, उशिरा उघडलं तर बूड करपायचं. वाढदिवसाचा केक विकत आणायचा आणि घरी श्रीखंड-पुरी करायची, ही वाटणी त्यातूनच ठरून गेली.

चीजकेकसुद्धा मुळात भाजायचाच पदार्थ. ताजं चीज, पीठ आणि मध यांचे भाजलेले प्रकार इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमन लेखक केटोने आपल्या शेतीवरच्या ग्रंथात कृतीसह लिहून ठेवले आहेत. आज आपण ज्याला क्रीम चीज म्हणतो त्याचं श्रेय न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावच्या विल्यम लॉरेन्स या दुग्धव्यावसायिकाला दिलं जातं. साल १८७२. काही वर्षांनी त्याला फिलाडेल्फिया हे व्यापारी नाव मिळालं. चीज न्यूयॉर्क राज्यातलं, पण फिलाडेल्फियाच्या दुधालोण्याचा लौकिक मोठा, म्हणून नाव तिकडचं. या क्रीम चीजमध्ये अंडी घालून, मंद आचेवर भाजून झालेला तो न्यूयॉर्कचा चीजकेक. अंडं तापून घट्ट होतं आणि केकला आकार देतं.

न भाजलेल्या चीजकेकला आकार देतो तो गारवा. म्हणजे हा पदार्थ घराघरांत पोचायला आधी फ्रीज पोचावा लागला. आपल्याकडे खाडीपलीकडे विक्रोळीला ज्यांचे कारखाने उभे राहिले त्या गोदरेजने १९५८ साली फ्रीज बनवायला सुरुवात केली. भारतीय कंपनीने बनवलेला तो पहिला फ्रीज. मध्यमवर्गीय घरात तो यायला पुढे बरीच वर्षं गेली, आणि आल्यावर त्याने आपल्या गोडाधोडात शांतपणे मोठी भर घातली. कस्टर्ड घातलेलं फ्रूट सॅलड, चायना ग्रासची वडी, थंडगार आम्रखंड. जपानमध्ये याच काळाच्या आगेमागे न भाजलेला चीजकेक लोकप्रिय झाला आणि आजही तिकडे तो ‘रेअर चीजकेक’ या नावाने मिळतो. तिथल्या अनेक कृतींत दही असतं, ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

कारण दह्यापाशी आलो की आपण आपल्या घरी आलो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात पाणी काढलेल्या दह्यात साखर आणि वेलची घालून केलेल्या शिखरिणीचा उल्लेख आहे. आपलं श्रीखंड त्याच कुळातलं. गुढीपाडव्याच्या किंवा दसऱ्याच्या आधी दोन दिवस आजही वाशी-नेरुळच्या डेऱ्यांमध्ये चक्क्यासाठी रांग लागते. आणि एक उलटा प्रवासही सांगण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या मराठी घरांत श्रीखंड करताना ग्रीक योगर्ट, सावर क्रीम, प्रसंगी क्रीम चीजही वापरतात, आणि ते श्रीखंड पाडव्याला नैवेद्याच्या पानात मानाने वाढलं जातं. तिकडे क्रीम चीजचं श्रीखंड होतं, तर इकडे चक्क्याचा चीजकेक का होऊ नये? या पुस्तिकेतल्या बहुतेक कृती चक्क्यावर उभ्या आहेत. हा निर्णय जाणूनबुजून घेतलेला आहे. क्रीम चीजचा डबा महाग पडतो, सगळीकडे सारखा मिळत नाही आणि उघडला की लवकर संपवावा लागतो. दही घरात रोज असतं.

चक्क्याविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण सगळी मदार त्याच्यावर आहे.

दूध म्हशीचं, सायीसकट घ्यावं. म्हशीच्या दुधात साधारण ६ ते ७ टक्के स्निग्धांश असतो, गायीच्या दुधात ३.५ ते ४. हा फरक चक्क्यात लगेच कळतो. एक लिटर दुधाच्या दह्याचा चांगला घट्ट चक्का साधारण ४०० ग्रॅम भरतो. विरजण अगदी थोडं लावावं आणि दही गोडसर असतानाच बांधावं. थंडीच्या दिवसांत धुतलेल्या पंच्यात बांधलेली पुरचुंडी नळाला रात्रभर टांगली तरी चालते. एप्रिल-मे महिन्यांत तसं करू नये. आपल्याकडच्या दमट उकाड्यात बाहेर टांगलेलं दही सकाळपर्यंत इतकं आंबतं की साखर वाढवूनही चव सावरत नाही. त्या दिवसांत पुरचुंडी चाळणीत ठेवावी, खाली खोल पातेलं, वर बत्ता किंवा पाण्याने भरलेला तांब्या वजनाला ठेवावा आणि सगळंच फ्रीजमध्ये ढकलावं. खाली जमलेल्या पाण्यात कणीक मळावी, किंवा ते कढीत घालावं. ते फेकून देण्यासारखं नाही. चक्का तयार झाला की कापडापासून अलगद सुटून येतो आणि बोटाने दाबला तर बोट ओलं होत नाही.

आता पुरणयंत्र काढा. श्रीखंडासाठी चक्का पुरणयंत्रातून फिरवण्याची आपली रीत चीजकेकला जशीच्या तशी लागू पडते. बारीक जाळी लावून चक्का एकदा फिरवला की त्यातल्या कण्या मोडतात आणि तो रेशमी होतो. मिक्सरमध्ये फिरवण्याचा मोह टाळावा. मिक्सरच्या पात्याने चक्का सैल पडतो, त्याला पाणी सुटतं, आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवूनही केक हवा तसा बसत नाही. हेच मी पाटीवर लिहून ओट्याशेजारी लावावं इतकं महत्त्वाचं मानते.

पण नुसता चक्का फ्रीजमध्ये ठेवला तर त्याचं श्रीखंडच राहणार, सुरीने कापता येणार नाही. क्रीम चीजमध्ये अमेरिकेच्या नियमाप्रमाणे किमान ३३ टक्के स्निग्धांश असतो, आणि हा स्निग्धांशच गारव्यात घट्ट होऊन केकला उभं धरतो. चक्क्यात तो पुष्कळ कमी. म्हणून त्याला आधार द्यावा लागतो. जगभरात यासाठी सर्रास जिलेटिन वापरतात. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून तयार होतं. आपल्या घरात, आपल्या मजल्यावर, आपल्या सोसायटीत ते सगळ्यांना चालणारं नाही, म्हणून या पुस्तिकेतल्या एकाही कृतीत ते नाही. त्याची जागा चायना ग्रासने, म्हणजे अगार-अगारने घेतली आहे. ती समुद्री शेवाळापासून होते.

ही अदलाबदल मात्र चमच्याला चमचा अशी करता येत नाही. दोघांचे स्वभाव वेगळे आहेत. जिलेटिन कोमट द्रवातही विरघळतं आणि तोंडाच्या उबेने वितळतं. चायना ग्रास विरघळायला उकळीच लागते, दोन-तीन मिनिटं चांगली खळखळून. एकदा बसली की ती ८५ अंशांच्या आसपास जाईपर्यंत वितळत नाही, आणि उतरताना साधारण ४० अंशांच्या खाली आली की लगेच धरू लागते. आपल्या हवामानाला हा गुण वरदान आहे. मे महिन्याच्या दुपारी जेवणाच्या टेबलावर ठेवलेला जिलेटिनचा केक बघता बघता सैल होतो, चायना ग्रासचा आपला आकार सोडत नाही. पण याच गुणामुळे एक जोखीमही येते. फ्रीजमधून काढलेल्या थंडगार चक्क्यात उकळती चायना ग्रास ओतली, तर ती पडल्या जागी गोठते आणि सगळ्या मिश्रणात साबुदाण्यासारख्या गुठळ्या होतात. त्या परत विरघळत नाहीत.

यावर उपाय सोपा आहे. चक्का तासभर आधी बाहेर काढून ठेवा. मिश्रणातला एक डाव वेगळा काढून तो चायना ग्रासच्या गरम पाण्यात आधी घाला, भराभर ढवळा, आणि मग हे कोमट मिश्रण मोठ्या भांड्यात एका धारेत सोडा. एक हात ओतत असताना दुसरा ढवळत राहिला पाहिजे. म्हणून या एका टप्प्याला घरातलं कुणीतरी सोबत घ्या. मुलांना हे काम फार आवडतं.

मापं अशी. सात इंची साच्याला १५० ग्रॅम बिस्किटं आणि ७५ ग्रॅम वितळवलेलं लोणी. वरच्या थराला ४०० ग्रॅम चक्का, २०० ग्रॅम अगदी ताजं, मऊ पनीर, अर्धा डबा म्हणजे सुमारे २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, एका लिंबाचा रस आणि दीडशे मिलिलिटर पाण्यात उकळलेली दोन सपाट लहान चमचे चायना ग्रासची पूड. पनीर मात्र मिक्सरमधूनच काढावं, आणि तेही कंडेन्स्ड मिल्कबरोबर, म्हणजे ते रवाळ राहत नाही. कंडेन्स्ड मिल्क आणि लिंबाचा रस एकत्र आले की एक सुंदर गोष्ट घडते. आंबटामुळे दुधातल्या केसीन या प्रथिनाचे कण एकमेकांना धरू लागतात. साध्या दुधात लिंबू पिळलं तर दूध फाटतं. इथे साखर इतकी आणि दूध इतकं आटवलेलं असतं की ते फाटत नाही, एकसारखं दाट होतं. डोळ्यांसमोर दाट होतं. ढवळताना चमच्याला लागणारा जोर वाढतो तो हाताला कळतो.

क्रीम घालायचं की नाही यावर घराघरांत मतं वेगळी आहेत. माझं मत स्पष्ट आहे. फेटून फुलवायचं तर क्रीममध्ये किमान ३० टक्के स्निग्धांश हवा. दुकानात सहज मिळणाऱ्या अमूल फ्रेश क्रीममध्ये तो २५ टक्के असतो, त्यामुळे ते कितीही फेटलं तरी फुलत नाही. ते मऊपणासाठी घालावं, फुलवण्यासाठी नाही. केकवाल्यांकडे मिळणारं व्हिप टॉपिंग भराभर फुलतं खरं, पण त्यात बहुतेक वेळा दुधाचं क्रीम नसतं, वनस्पती तेलाची चरबी असते. ते टाळूला चिकटतं आणि चक्क्याची चव झाकून टाकतं. आपल्या माणसांना खायला घालायचं तर ते घालू नये.

बिस्किटांच्या थराबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, पण निवड विचारपूर्वक करावी. परदेशी पुस्तकांत डायजेस्टिव्ह सांगतात आणि आता ती आपल्याकडेही सगळीकडे मिळतात. मी मारीला पसंती देते. १८७४ साली लंडनच्या पीक फ्रीन्स कंपनीने रशियन राजकन्या मारिया आणि ड्यूक ऑफ एडिंबरो यांच्या लग्नानिमित्त काढलेलं हे बिस्किट आपल्या चहात इतकं मुरलं आहे की त्याचं परकेपण कुणाला आठवतही नाही. ते कमी गोड असल्यामुळे वरच्या थराला वाव देतं. पारले-जीचा थर जास्त गोड आणि जरा मऊ होतो, मुलांना तो आवडतो. आणि नानकटाईच्या डब्याच्या तळाशी चुरा उरला असेल तर त्याहून चांगलं काहीच नाही. त्यात तूप आधीच असल्याने लोणी निम्मं करावं. चुरा साच्यात पसरून वाटीच्या बुडाने दाबावा, कडेला जास्त जोर द्यावा, आणि वरचं मिश्रण तयार होईपर्यंत साचा फ्रीजमध्ये ठेवावा. लोणी गोठलं की थर धरतो. खारं लोणी असेल तर तेच वापरा. त्या मिठामुळे गोडाला उठाव येतो.

फळांच्या बाबतीत नवी मुंबईकरांचं नशीब थोर आहे. मुंबईचा घाऊक फळबाजार १९९६ साली क्रॉफर्ड मार्केटहून वाशी-तुर्भ्याच्या बाजार समितीत आला आणि कोकणातल्या हापूसच्या पेट्या आधी आपल्या दारात उतरू लागल्या. मार्च ते मे या काळात त्या बाजाराच्या रस्त्यावरून नुसतं जाताना आंब्याच्या वासाने मोसम कळतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पेटी घरी आणून गवतात नीट पिकू द्यावी, आणि केकसाठी देठाजवळ किंचित सुरकुतलेला आंबा निवडावा. त्याचा रस शिजवू नये, शिजला की हापूसचा सुगंध जातो. रस खोलीच्या तापमानाला ठेवून त्यात उकळलेली चायना ग्रास थोडीशीच, एका वाटीला सपाट अर्धा लहान चमचा, घालावी आणि बसलेल्या केकवर ओतावी. हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, जून उजाडला की जांभूळ, दसऱ्याच्या सुमारास सीताफळ. जांभळाचा रंग पांढऱ्या थरावर असा काही खुलतो की तो केक कापायला मन होत नाही.

अननस, पपई आणि किवी मात्र कच्चे घालू नयेत. या फळांत प्रथिनं तोडणारी विकरं असतात. दुधाच्या पदार्थात ती मिसळली की थोड्या वेळाने कडवट चव येते. अननस साखरेत पाच-सात मिनिटं शिजवला की विकरं निकामी होतात, मग खुशाल वापरावा.

आता ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या माणसांबद्दल.

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि खाडीच्या या बाजूला नवं शहर वसवायला सुरुवात झाली. दिवाळे, सारसोळे, करावे, घणसोली, कोपरखैरणे इथल्या आगरी-कोळी माणसांची गावं आधीपासून होतीच. त्यांच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलं. बाहेरून जे आले ते बहुतेक एकेकटं कुटुंब म्हणून आले. वाशीच्या जेएन-१, जेएन-२ इमारतींत किंवा सिडकोच्या ए-टाइप, बी-टाइप घरांत सुरुवातीला राहायला आलेल्यांना जवळ नातेवाईक नव्हते. लोकल गाडी तर वाशीपर्यंत १९९२ साली आली. तोवर दादर-गिरगावच्या घरी जायचं म्हणजे बसने पूल ओलांडून जायचं, आणि आजीला भेटायला जाणं हा अख्ख्या रविवारचा कार्यक्रम. त्या काळात समोरच्या दारातली माणसंच काका-काकू झाली. बाळंतपणाला तीच धावली, परीक्षेच्या सकाळी मुलांच्या हातावर दही-साखर त्यांनीच ठेवली. एका मजल्यावर मराठी, मल्याळी, गुजराती, पंजाबी आणि तमिळ अशी घरं असायची, आजही असतात.

अशा मजल्यावर गोड वाटायचं तर ते सगळ्यांनी खाल्लं पाहिजे. न भाजलेल्या चीजकेकचं मोठेपण मला इथे दिसतं. त्यात अंडं नाही, आणि चायना ग्रास वापरली तर जिलेटिनही नाही. शाकाहारी शेजारीण नुसतं ताट घेऊन नंतर बाजूला ठेवत नाही, तिथेच खाते आणि दुसरा तुकडा मागते. तरी विचारायची सवय सोडू नये. बिस्किटांच्या पाकिटावरची हिरवी खूण बघावी. जैन शेजाऱ्यांना काय चालतं ते त्यांनाच विचारावं, आपण ठरवू नये. उपवासाच्या दिवशी बिस्किटांऐवजी राजगिऱ्याची चिक्की कुटून तुपात दाबली तर तळ उत्तम होतो, ती कृती या पुस्तिकेत स्वतंत्र दिली आहे. मधुमेह असलेल्या आजोबांसाठी साखर पूर्ण काढून टाकण्यापेक्षा तुकडा लहान कापणं मला जास्त बरं वाटतं. त्यांनाही पंगतीतलंच खायचं असतं, वेगळं काढलेलं नाही.

डबा रिकामा परत करू नये ही आपली जुनी शिकवण. चीजकेकचा डबा गेला की त्यातून कधी केळ्याचे चिप्स येतात, कधी हांडवा, कधी गावठाणातल्या काकूंकडून तांदळाच्या गरम भाकऱ्या. मला या देवाणघेवाणीचं मोल फार आहे. आता उंच इमारतींत, दोन-दोन लिफ्ट असलेल्या संकुलांत, शेजारच्या दाराची बेल वाजवायला लोक कचरतात. आधी फोन करून विचारतात, आणि बहुतेक वेळा तेही राहून जातं. हातात डबा असला की बेल वाजवणं सोपं जातं.

हा पदार्थ आदल्या रात्री करावा लागतो, म्हणून तो मला विशेष प्रिय आहे. निदान सहा-आठ तास, शक्य तर रात्रभर त्याला फ्रीजमध्ये निवांत राहू द्यावं लागतं. म्हणजे पाहुणे दाराशी येतात तेव्हा करणारी बाई ओट्याशी घामाघूम होऊन उभी नसते. ती बाहेर येऊन बसते, बोलते. आपल्या सणावारांत बायकांचा अर्धा दिवस कढईपुढे जातो आणि गप्पा स्वयंपाकघराच्या दारातून ऐकाव्या लागतात. पुरणपोळी गरम वाढायची म्हणून जी बाई सगळ्यांत शेवटी जेवते, तिने निदान वाढदिवसाला तरी सगळ्यांबरोबर बसावं. न भाजता होणाऱ्या गोडाने तेवढी सोय नक्की होते.

दुसऱ्या गावी न्यायचा असेल तर थोडी तयारी हवी. २००४ साली ठाणे-वाशी लोकल सुरू झाली तेव्हापासून नेरुळची लेक ठाण्याच्या माहेरी केक घेऊन सहज जाऊ शकते. साचा काढू नये, साच्यासकटच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, डबा बर्फाच्या पिशव्यांसह थर्माकोलच्या खोक्यात. दुधाचा पदार्थ एरवी दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू नये. पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास धरावा. पोचल्यावर लगेच फ्रीजमध्ये, आणि तासाभराने कापायचा. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, एक काप घ्यायचा. पुन्हा बुडवायची, पुन्हा पुसायची. काप सरळ येतात आणि थर एकमेकांत मिसळत नाहीत.

मापांबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० साली निघालं आणि कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली. रुचिराने वाटी-चमच्याची मापं घराघरांत पोचवली आणि नव्या संसारातल्या हजारो मुलींना धीर दिला. या पुस्तिकेतही जिथे शक्य तिथे वाटी-चमचाच आहे. चायना ग्रास, लोणी आणि बिस्किटं यांची मापं मात्र ग्रॅममध्येही दिली आहेत, कारण या तिघांत थोडं कमीजास्त झालं तरी केक बसत नाही किंवा रबरी होतो. लहानसा वजनकाटा घरात असेल तर तो वापरावा. चक्का, साखर आणि लिंबू यांत मात्र आपल्या जिभेचं ऐकावं. दही किती आंबट आहे हे पुस्तकाला कळत नाही.

आणि पहिला केक दुकानातल्यासारखा दिसलाच पाहिजे असा हट्ट धरू नका. कड थोडी वाकडी असली तरी चालेल, वरचा थर एकीकडे जाड असला तरी चालेल. आपल्या माणसांनी तो कुणासाठी केला आहे ते ओळखलेलं असतं.

ही पुस्तिका घेऊन एकदम मोठ्या समारंभाला हात घालू नका. एखाद्या साध्या शनिवारी, कुठलंही निमित्त नसताना, पहिल्या पानावरचा साधा लिंबाचा चीजकेक करा. जी माणसं लिफ्टमध्ये रोज भेटतात आणि घरी कधीच आलेली नाहीत, त्यांतल्या एखाद्या घराला रविवारी दुपारी बोलवा. मुलांना बिस्किटं कुटायला बसवा. आणि पान उलटण्याआधी दूध विरजायला ठेवा. शनिवारचा केक म्हणजे गुरुवारी विरजण लावायचं आणि शुक्रवारी दही बांधायचं.